सावड

"घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून" ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलें आहें. माझे वडील ती म्हणत, सासरे म्हणत, आणि दोघांनींही घरें बांधविलीं होतीं हें खरें. परंतु बांधणें आणि बांधविणें या दोन क्रियापदांत जें अंतर आहे, तें व्याकरणाच्या पुस्तकांत शिकूनहि व्यवहारांत मला वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत उमगलें नाहीं. आमच्या दोन्ही कुळांत कोणीं कधीं वीट उचलली असेल असें मला वाटत नाहीं. गवंड्याला चहा दिला, बिगाऱ्यांची हजेरी मांडली, वास्तुशांतीला पंगती उठविल्या, कीं आमचें घर बांधून झालें!

माझा पुतण्या अमेरिकेंत जॉर्जिया संस्थानांत शिकावयास होता. २००६ सालच्या दिवाळीस तो घरीं आला आणि भाऊबीज उरकतांच आठवडाभर मळवलीस जाण्याची तयारी करूं लागला. मळवली म्हणजे लोणावळ्याच्या अलीकडचें स्टेशन. कार्ल्याच्या लेण्यांसाठीं आम्ही तेथेंच उतरत असूं.

"लेणीं पाहायला का रे?" मीं विचारलें.

"नाहीं काकू, घरं बांधायला."

सासूबाईंनीं हातांतली माळ थांबविली. "कुणाचीं?"

"नांव ठाऊक नाहीं, आजी."

यावर सासूबाई कांहीं बोलल्या नाहींत. पण नातवाला परदेशीं पाठविण्यांत आपली कांहीं चूक झाली असावी, असा भाव त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट उमटला.

त्या ऑक्टोबरच्या अखेरीस मळवलीजवळ पाटण गांवीं एका आठवड्यांत शंभर घरें उभीं करण्याचा संकल्प होता. 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' ही संस्था, देशोदेशींचे सुमारे दोन हजार स्वयंसेवक, आणि त्यांच्यांत अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर व त्यांच्या पत्नी रोझॅलिन. कार्टर तेव्हां ८२ वर्षांचे होते, बाई ७९ वर्षांच्या. वर्तमानपत्रांनीं मात्र तेथें आलेल्या चित्रपटनटांचीं छायाचित्रेंच अधिक छापलीं. तो आठवडा संपवून पुतण्या परत आला तेव्हां त्याच्या दोन्ही तळहातांना फोड आले होते. सासूबाईंनीं त्यांवर साजूक तूप लावलें, आणि रात्रीं माजघरांत सगळे बसलों असतां त्याला म्हणाल्या, "आतां सांग, हें खूळ निघालं कुठून?"

त्यानें जें सांगितलें तें थोडक्यांत असें. जॉर्जियांत अमेरिकस म्हणून एक लहानसें गांव आहे. त्याच्याजवळ १९४२ सालीं क्लॅरेन्स जॉर्डन नांवाच्या धर्मोपदेशकानें आणि त्याच्या सोबत्यांनीं 'कोइनोनिया' नांवाची शेतवाडी वसविली. तेथें गोरे आणि काळे बरोबरीनें राबत आणि एकाच टेबलाशीं जेवत. ("एका पंगतीला?" सासूबाईंनीं मध्येंच विचारलें. "हो आजी, त्यांत काय!" हें 'त्यांत काय' म्हणणें त्याच्या पिढीला सोपें आहे.) पुढें १९५० नंतरच्या दशकांत आसपासच्या गोऱ्या लोकांनीं या वाडीवर बहिष्कार घातला, गोळ्या झाडल्या, पण ती मोडली नाहीं. तेथें मिलर्ड फुलर आणि त्याची पत्नी लिंडा हीं येऊन राहिलीं. हा फुलर अलाबामाचा वकील. तिशी उलटण्याच्या आधींच लक्षाधीश झालेला. घरांत पैसा येऊं लागला आणि नवरा घरीं येईनासा झाला, तेव्हां लिंडा त्याला सोडून न्यूयॉर्कला निघून गेली. त्यानें तिची समजूत घातली, आणि दोघांनीं ठरविलें कीं, ज्या संपत्तीनें आपला संसार मोडत आणला ती देऊन टाकावी. संसार सांवरण्याचा हा उपाय आमच्या घरांतील पुरुषमंडळींना फारसा रुचला नाहीं. आम्हां बायकांना मात्र त्यांत बरेंच तथ्य दिसलें.

१९६८ सालीं जॉर्डन आणि फुलर यांनीं वाडीच्या जमिनीवर गरिबांच्या घरांसाठीं तुकडे आंखले. घर नफ्याविना विकावयाचें, कर्जावर व्याज घ्यावयाचें नाहीं (गरिबाकडून व्याज घेऊं नये, ही बायबलाची आज्ञा आहे), आणि जे हप्ते येतील त्यांतून पुढच्याचें घर बांधावयाचें. फुलर दांपत्यानें १९७३ पासून तीन वर्षें आफ्रिकेंत, तेव्हांच्या झैर देशांत, हाच प्रयोग केला आणि १९७६ मध्यें परत येऊन ही संस्था काढली. १९८३ सालीं ती आपल्या देशांत आंध्रांतील खम्मम येथें आली. कार्टर यांचें प्लेन्स गांव अमेरिकसच्या शेजारचेंच. १९८४ पासून ते दरवर्षीं एक आठवडा हातांत हातोडा घेऊं लागले. पण आमच्या सासूबाईंना कार्टरांपेक्षां त्यांच्या आईचें अधिक कौतुक वाटलें. या लिलियनबाई १९६६ सालीं, वयाच्या ६८ व्या वर्षीं, 'पीस कोअर'च्या स्वयंसेविका होऊन मुंबईस विक्रोळीच्या गोदरेज वसाहतींत आल्या होत्या आणि तेथें त्यांनीं रोग्यांची शुश्रूषा केली होती. "अडुसष्टाव्या वर्षीं!" सासूबाई म्हणाल्या, "आणि मला तुम्ही जिना चढूं देत नाहीं."

या योजनेंत घरमालकावर आणखी एक अट असते. आपल्या घरावर आणि दुसऱ्याच्याहि घरावर त्यानें स्वतः ठराविक तास राबावयाचें. हें ऐकतांच मी म्हणालें, "अरे, ही तर आपली सावड!" माझें माहेर रत्नागिरी जिल्ह्यांतलें. वैशाखांत घर शाकारण्याची वेळ आली कीं सकाळींच दहाबारा गडी येत. कोणी छपरावर चढे, कोणी खालून पेंढ्या झेलून देई, जुनें कुजलें गवत अंगणांत पडे, आणि दुपारीं आई फणसाची भाजी आणि भाताचीं मोठीं पातेलीं उतरवी. उद्यां दुसऱ्याच्या घरीं हाच मेळा. पैशाची देवघेव नाहीं, हाताला हात. मी हें सारें मोठ्या अभिमानानें वर्णन करीत होतें. पुतण्यानें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "मग काकू, तुमच्याकडचं कोण कुणाच्या छपरावर जायचं?"

मला उत्तर सुचलें नाहीं. आमच्याकडचें कोणीच जात नसे. माझे वडील ओटीवर बसून पान लावीत. आमचीं कुळें आमचें घर शाकारीत, त्याला आम्ही सावड म्हणत होतों; ते काय म्हणत होते, हें मीं कधीं ऐकलें नाहीं.

कदाचित् त्या टोंचणीमुळेंच असेल, पुढच्या जानेवारींत, २००७ सालीं, दुसऱ्या एका लहान संस्थेच्या कामावर मी एका रविवारीं मावळांत गेलें. गांवठाणांतल्या एका कुटुंबाचें दोन खोल्यांचें घर होतें. जोतें भरून झालें होतें, भिंती कमरेपर्यंत आल्या होत्या. आम्ही शहरचीं आठ माणसें. गवंड्यानें पहिल्या पांच मिनिटांतच आमची किंमत केली असावी. पण बिचारा सभ्य होता. "बाई, कोरडी वीट लावूं नका, ती मालातलं पाणी पिते," एवढेंच तो म्हणाला आणि विटा भिजविण्याच्या पिंपाकडे बोट दाखवून वळला. दोरी धरून, थापीनें माल पसरून, मीं मोठ्या निष्ठेनें दोन थर लावले. जेवून येऊन पाहतें तों त्यानें ओळंबा सोडून पाहिला होता, आणि माझे दोन्ही थर उतरवून पुन्हां लावले होते. त्यानंतर मीं फक्त घमेलीं उचललीं.

येथें एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. स्वयंसेवकांच्या श्रमानें घर स्वस्त होतें, हा समज फारसा खरा नाहीं. आम्हां आठ जणांचें दिवसभराचें काम एक गवंडी आणि दोन बिगारी दुपारपर्यंत उरकते. आणि आम्हांला पुण्याहून नेण्याआणण्याच्या मोटारभाड्यांत त्यांची मजुरी भागून कांहीं उरलें असतें. घराच्या खर्चांत सिमेंट, विटा, लोखंड, पत्रे यांचाच वांटा मोठा. अडाणी हातांनीं वांचतें तें फार थोडें. घर परवडतें तें व्याज नसल्यामुळें आणि नफा नसल्यामुळें.

मग आम्ही कशाला गेलों होतों? त्या घरच्या बाईंनीं एका शाळेच्या वहींत आपले, दिराचे आणि सासऱ्यांचे कामाचे तास लिहून ठेवले होते. जोत्याच्या एका कोपऱ्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "हा आमच्या मामंजींनी भरलाय." आमचे त्यांनीं विशेष आभार मानले नाहींत. खरें सांगावयाचें तर मला तें थोडें लागलें. आपण एवढ्या लांबून येऊन पाट्या वाहिल्या! परततांना मोटारींत माझ्या ध्यानांत आलें कीं, त्या बाईंच्या हिशेबीं आम्ही दाते नव्हतोंच. त्यांच्या वहींतले कांहीं तास तेवढे होतों.

दुसऱ्या दिवशीं आमच्या मावशी नेहमींप्रमाणें भांडीं घांसावयास आल्या. मुलें त्यांना मावशी म्हणतात म्हणून आम्हीहि म्हणतों. तेव्हां त्यांना आमच्याकडे येऊन वीस वर्षें झालीं होतीं.

"वहिनी, काल घमेलं उचललंत म्हणे?"

"हो."

"कुणाचं घर?"

मला नांव आठवेना. मावशींनीं कढईची राख धुतली आणि म्हणाल्या, "बरंच लांब गेलां होतां मग."

त्या टोमणा मारीत होत्या असें मला आजहि वाटत नाहीं. पण तें वाक्य माझ्या मनांतून गेलें नाहीं; आणि त्या जुलैंत पर्वतीच्या उतारावरील त्यांच्या घराची मागली भिंत पावसानें बसली, तेव्हां मी प्रथमच त्यांच्या घरीं गेलें. आमच्या सदाशिव पेठेंतून चालत अर्ध्या तासाची वाट! या अर्ध्या तासाला मला वीस वर्षें लागलीं. दगडमातीची भिंत आंत कलंडली होती, तिच्या जागीं फ्लेक्सचा फलक ताणून बांधला होता, त्यावर कुणा पुढाऱ्याचें हंसरें तोंड उलटें आलें होतें. मावशींनीं ट्रंकेंतून प्लॅस्टिकच्या पिशवींत जपलेला फोटोपास काढून दाखविला. १ जानेवारी १९९५ पूर्वींच्या झोपड्यांना सरकारनें संरक्षण दिलें होतें आणि त्यांची त्याहून जुनी होती. जमीन त्यांची नव्हती. होण्याचा संभवहि नव्हता. मावळांतल्या बाईंना निदान गांवठाणांत पायाखालीं स्वतःची जागा होती. शहरांत गरिबाच्या घराची खरी अडचण विटांची नसून जागेची आहे, आणि तिच्यापुढें हजार स्वयंसेवकांच्या थाप्या निरुपयोगी ठरतात. आम्हांला करतां येण्यासारखें होतें तें एवढेंच: आहे त्या जागेंत, आहे त्या मापाच्या भिंती पक्क्या विटांनीं उभ्या करून वर नवे पत्रे घालणें. खर्चाचा अंदाज चाळीस हजारांचा निघाला.

घरीं विचारविनिमय झाला. धाकटे भाऊजी उदार मनाचे, ते म्हणाले, "आपण सर्वांनीं मिळून देऊन टाकूं. वीस वर्षांचं काम आहे त्यांचं." यजमानांनींहि मान डोलावली. मी आनंदानें मावशींना सांगावयास गेलें, आणि मावशी 'नको' म्हणाल्या.

मला आश्चर्य वाटलें, थोडा रागहि आला. मावशी सावकाश बोलल्या. "फुकट आलेलं घरांत येतं, वहिनी. घरांत आलं कीं तें नवऱ्याचं, दिराचं. उद्यां तो म्हणंल, माझ्या घराला मदत आली, तूं कोण? कर्ज माझ्या नांवावर लिहा. कर्ज कुणी वांटून मागत नाहीं." त्यांच्या नवऱ्याच्या व्यसनाविषयीं आम्हांला ठाऊक होतें, पण कर्ज हेंहि बाईमाणसाचें स्त्रीधन होऊं शकतें, हें अर्थशास्त्र आमच्या घरांतील एकाहि पदवीधराला सुचलें नव्हतें.

यजमान बँकेंतून निवृत्त झालेले. त्यांनीं कागदपेन्सिल घेऊन हिशेब मांडला. मावशींना चार घरचीं कामें करून महिना दोन हजार मिळत. त्यांतून पांचशेंपेक्षां अधिक हप्ता झेपण्यासारखा नव्हता. वस्तींतल्या सावकाराचा दर दरमहा शेंकडा तीन. म्हणजे चाळीस हजारांवर महिन्याला बाराशें रुपये नुसतें व्याज. मुद्दल जन्मांत फिटावयाचें नाहीं. बँकेचा वर्षाला बारा टक्के दर धरला तरी पांचशेंच्या पहिल्या हप्त्यांतले चारशें व्याजांत जाणार आणि मुद्दल शंभरांनीं कमी होणार; सारें फिटावयास साडेतेरा वर्षें. आणि व्याजच नसेल तर? ऐशीं महिने, म्हणजे सहा वर्षें आठ महिने. पस्तीस वर्षें बँकेंत काढलेल्या माझ्या यजमानांनीं चष्मा काढून पुसला आणि "मीं हें गणित उलट्या बाजूनं कधीं केलंच नव्हतं" असें म्हणाले.

वही घातली. तिच्यावर मावशींचेंच नांव लिहिलें. मग मावशी म्हणाल्या, "गवंडी एक माझ्या भाच्याच्या ओळखीचा आहे. बिगारी नको. पण माणसं लागतील." आणि माझ्याकडे पाहून हंसल्या.

दिवाळीनंतरचे सहा रविवार आम्ही पर्वतीच्या उतारावर काढले. मी, माझा मुलगा, भाऊजी, मावशींचे दोन मुलगे. विटांची गाडी खालच्या रस्त्यापर्यंत येई. तेथून बोळांतून वर हातोहात न्याव्या लागत. धाकट्या जाऊबाई प्रथम आल्या नाहींत. "अहो, कुणी पाहिलं तर काय म्हणेल?" असें त्यांनीं मला विचारलें, आणि मीं त्यांना दोष देत नाहीं, पहिल्या रविवारीं डोक्यावर चुंबळ ठेवतांना मींहि बोळाच्या तोंडाकडे दोनदां पाहून घेतलें होतें. तिसऱ्या रविवारीं त्या आपण होऊन आल्या आणि भिंतीला सकाळसंध्याकाळ पाणी मारण्याचें काम त्यांनीं असें कांहीं अंगावर घेतलें कीं, मधल्या वारींहि त्या शाळेंतून परस्पर तिकडे जाऊं लागल्या.

पण कठीण प्रसंग विटांचा नव्हता. पहिल्याच दुपारीं मावशींनीं पिठलें, भाकरी आणि मिरचीचा ठेंचा समोर ठेवला. "सावडीला आलेल्यांना घरधनीण जेवूं घालते," त्या म्हणाल्या. हा शब्द त्यांनीं आपण होऊन उच्चारला. मूळच्या त्याहि वेल्ह्याकडच्या. आमच्या पिशवींत सासूबाईंनीं दिलेला डबा होता. एक क्षणभर, अगदीं एकच क्षण, माझा हात त्या पिशवीकडे गेला. वीस वर्षें ज्या हातांनीं आमचीं ताटें घांसलीं, त्या हातचें अन्न मीं एकदांहि खाल्लें नव्हतें. त्यांचा चहा आमच्याकडे मागल्या पडवींत, कान तुटलेल्या वेगळ्या कपांत. असें कां, हें कोणीं ठरविलें नव्हतें आणि कोणीं मोडलेंहि नव्हतें. मावशींनीं माझा हात पाहिला असेल. त्या पाणी आणावयास वळल्या. मीं भाकरी मोडली. पिठलें तिखट होतें, डोळ्यांत पाणी आलें, आणि त्या पाण्याला निमित्त मिळालें म्हणून मला बरें वाटलें.

घर पुरें झालें. हप्ते दर महिन्याच्या पांच तारखेस येत. दोनदां चुकले, एकदां त्यांच्या थोरल्या मुलाच्या आजारपणांत आणि एकदां आमच्याच घरच्या लग्नांत, कारण मीं वही कोठें ठेवली तेंच विसरलें. २०१४ च्या अखेरीस तें खातें फिटलें आणि त्याच वहींत मावशींनीं आणलेल्या त्यांच्या एका शेजारणीचें नांव लागलें. मात्र २००७ सालीं चाळीस हजारांत जेवढें काम झालें तेवढें २०१४ सालीं त्याच रकमेंत झालें नसतें. बिनव्याजी पैसा परत येतो तो असा झिजून येतो. म्हणून अशा निधींत बाहेरून भर घालावीच लागते, आणि भर घालणाऱ्यांचा उत्साह ओसरला कीं पुष्कळ चांगल्या योजना तेथेंच थांबतात. दुसऱ्या वेळीं आम्हांलाहि वीस हजार घालावे लागले, आणि त्यावेळचा उत्साह पहिल्याइतका नव्हता हें मीं कबूल करतें.

परंतु मला सांगावयाचें आहे तें २००८ च्या मे महिन्यांतलें. आमच्या वाड्याचीं कौलें चाळावयाचीं होतीं. ठरलेला माणूस आला नाहीं, पावसाळा तोंडाशीं, आणि यजमान फोनवर फोन करीत होते. दुसऱ्या सकाळीं मावशी कामाच्या वेळेच्या आधींच आल्या. बरोबर दोन्ही मुलगे आणि भाचा. मुलें शिडी लावून वर गेलीं. मावशी शिडीच्या तळाशीं उभ्या राहून कौलें वर देऊं लागल्या. मी मजुरीचें विचारावयास गेलें तों म्हणाल्या, "सावड आहे, वहिनी. मधें बोलूं नका, कौल निसटंल."

दुपार झाली. मला चिंता पडली ती निराळीच. मावशी वीस वर्षें मागल्या पडवींत बसत आलेल्या. सासूबाई तेव्हां ८४ वर्षांच्या, आणि त्यांचें सोंवळें आम्हीं कधीं दुखविलें नव्हतें. मी स्वयंपाकघराच्या दारांत घुटमळत होतें, इतक्यांत माजघरांतून सासूबाईंचा आवाज आला, "पानं केव्हांचीं घेतलीं आहेत. त्या मुलांना खालीं बोलवा. किती वेळ उन्हांत ठेवणार?"

माजघरांत पाट मांडलेले होते. सासूबाई भिंतीला धरून उभ्या होत्या. वरणभात त्यांनीं स्वतः वाढला, तूपहि वाढलें, आणि थोरल्या मुलाला "लाजूं नकोस, घे" असें म्हणून आणखी वाढलें. मावशी अवघडून, पदर सांवरून जेवल्या. जेवण होतांच त्या संवयीनें आपलें ताट उचलून मोरीकडे निघाल्या. जाऊबाईंनीं तें त्यांच्या हातून घेतलें. त्या दिवशींचीं भांडीं आम्ही दोघींनीं घांसलीं. आणि मागल्या बाजूचीं कौलें अजून राहिलीं होतीं, म्हणून मुलें पुन्हां शिडी चढलीं.